करंगळीच्या नखाएवढी जागा

“…मग चाकाला रुळावर धरून कोण ठेवतं?” उस्तादांनी विचारलं.

“कडा,” वृंदा म्हणाली. “चाकाच्या आतल्या बाजूला उंच कडा असते. ती रुळाला अडते, म्हणून चाक बाहेर जात नाही.”

“असं.”

“असंच आहे ते.”

“तुझ्या गाडीला कडा नव्हती?”

“होती.”

“मग पडली कशी?”

उस्तादांनी शेळीपुढं सुबाभळीचा पाला टाकला आणि ते पुन्हा दर्ग्याच्या पायरीवर येऊन बसले.

हे बोलणं गुरुवारी दुपारी झालं. मी तिथं नव्हतो. मला ते दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोन्ही सांगणी जुळली. पुढचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण तेव्हा मी बोरगव्हाण नगरपालिकेच्या बागेचा मुकादम होतो, आणि गाडी माझ्याच बागेत पडली होती.

आमच्या गावाला एकेकाळी छोटी रेल्वे होती. बारकी लाइन, बारके डबे. बावीस वर्षांपूर्वी मोठी लाइन तालुक्याच्या दुसऱ्या अंगानं गेली आणि आमची बंद झाली. स्टेशन पडलं. रूळ उचलले गेले. त्यातले थोडे नगरपालिकेच्या गोदामात गंजत राहिले, एवढीच त्या लाइनीची खूण.

वृंदा शिंगरे गावातलीच. पुण्याला इंजिनिअर झाली, कॉलेजात पहिली आली, मोठ्या कारखान्यात लागली. मग एक दिवस नोकरी सोडून परत आली. तिनं नगरपालिकेला अर्ज केला की गोदामातले रूळ द्या, मी बागेत खरीखुरी गाडी चालवून दाखवते. खेळण्यातली म्हणा हवं तर, पण माणसं बसतील अशी. दोन फूट रुंदीची लाइन, सहा चाकांचं डिझेल इंजिन, चार उघडे डबे. इंजिन तिनं स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःच्या हातांनी बांधलं. रूळ बागेभोवती फिरवले. एका ठिकाणी जुनी दगडी विहीर होती. तिला वळसा घालायला लाइन चांगलीच वाकवावी लागली.

इस्माईल मुजावर म्हणजेच उस्ताद. जुन्या लाइनीवर एकतीस वर्षं ते खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन चालले. रोज आठ मैल. सैल झालेला खिळा ठोकायचा, सरकलेला रूळ बसवायचा, पुढं जायचं. लाइन गेल्यावर ते वडिलांच्या जागी पिराच्या दर्ग्यात झाडलोट करू लागले. वय शहात्तर. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. लाइनीवरची माणसं त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून सगळं गाव म्हणे.

रूळ टाकायच्या आधी नगरपालिकेत सभा झाली होती. उस्ताद मागच्या बाकावर बसले होते. ते उठून म्हणाले, “विहिरीजवळचं वाकण मला एकदा बघू दे, पोरी.”

वृंदा हसली होती. म्हणाली होती, “उस्ताद, ठोकाठोकीचे दिवस गेले. आता गणित असतं.”

सभा हसली. उस्तादही हसले आणि खाली बसले.

मग गाडी पडली. पहिल्यांदा विहिरीच्या वाकणावर इंजिनाचं पुढचं चाक कर्रकन ओरडलं, बाहेरच्या रुळावर चढलं आणि खडीत उतरलं. माणूस चालतो तेवढ्याच वेगानं चाललं होतं, डबे रिकामे होते, म्हणून कुणाला लागलं नाही. वृंदाला वाटलं की रूळ फाकतायत. तिनं त्या वाकणावर दोन्ही रुळांना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्या. सोळा पट्ट्या. बाहेरचा रूळही खाली फळ्या घालून उचलून घेतला. माप लावून बघितलं. सगळीकडे एकसारखं, सुतात.

दुसऱ्यांदा गाडी पहिल्यापेक्षा चार हात आधी पडली.

नगराध्यक्षा शालिनीताई बोंद्रे भल्या बाई. पण त्यांनाही लोक विचारत होते. त्यांनी वृंदाला सांगितलं, “शनिवारी सकाळी शेवटचं. झालं तर झालं. नाहीतर सोमवारी रूळ उचलू, आणि तिथं कारंजं करू.”

म्हणून वृंदा दर्ग्यात आली होती.

“उस्ताद, मी काय चुकले ते सांगा.”

“तू चुकलीस असं मी म्हटलं नाही.”

“गाडी म्हणतेय.”

उस्तादांनी तिच्याकडे जरा नीट बघितलं.

मग ते आत गेले आणि चहाचे दोन स्टीलचे पेले घेऊन आले. वर रुंद, खाली अरुंद, साधे पेले. तोंडाला तोंड लावून त्यांनी ते चिंधीनं घट्ट बांधले. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं, असं काहीतरी झालं. चादरीच्या मिरवणुकीतल्या दोन बांबूच्या काठ्या पायरीवरून खाली उतरत्या ठेवल्या. काठ्या वाकड्या होत्या.

“सोड,” ते म्हणाले.

वृंदानं जोडपेले काठ्यांवर सोडले. ते डुलत निघाले. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे. काठी वळली तिथं तेही वळले आणि खाली मातीत जाऊन थांबले.

“आता उलटे बांध. बुडाला बूड.”

तिनं बांधले. सोडले. ते वीतभर गेले आणि खाली पडले.

“कडा कुठं होती पेल्याला?”

“नव्हती.”

उस्तादांनी पेल्यांची चिंधी सोडवली.

“उस्ताद, हे मला माहीत आहे. चाक उतरतं असतं. आतल्या बाजूला घेर मोठा, बाहेरच्या बाजूला लहान. माझीही चाकं तशीच आहेत. दुसऱ्या वर्षाला होतं आम्हाला.”

“पास झालीस?”

“पहिली आले.”

“मग मला सांग की. मी शाळेत गेलो नाही. नुसता बघत आलो.”

वृंदाचा चेहरा जरा सैलावला. शिकवायला तिला आवडे. तिनं काडी घेऊन मातीत वाकण काढलं.

“हे बघा. वाकणावर बाहेरचा रूळ लांब पडतो, आतला आखूड. पण दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की असतात, दोघं मिळून फिरतात. मग बाहेरच्यानं जास्त अंतर कसं तोडायचं?”

“कसं?”

“जोडी बाहेरच्या बाजूला थोडी सरकते. बाहेरचं चाक मोठ्या घेरावर चालायला लागतं, आतलं लहान घेरावर. मोठ्या घेराचं चाक एका फेऱ्यात जास्त जातं. म्हणून जोडी आपोआप वळते. कडा फक्त शेवटचा आधार. खरं तर ती रुळाला टेकायलाच नको.”

“मगाशी तू म्हणालीस कडा धरते.”

“…मगाशी मी रागात होते.”

“म्हणजे वाकणावर चाकाला सरकावं लागतं.”

“हो.”

“बाहेर.”

“हो.”

उस्ताद वाट बघत राहिले. वृंदाही वाट बघत राहिली. शेळी पाला खात होती.

“मग?” वृंदानं विचारलं.

उस्ताद उठले. “असरच्या नमाजाची वेळ झाली,” म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

वृंदा तावातावानं परत आली. मला म्हणाली, “त्यांनी मला काही सांगितलंच नाही. सगळं मीच त्यांना सांगून आले.”

शुक्रवारी सकाळी मी बागेचं फाटक उघडलं तर उस्ताद बाहेर उभे होते. अनवाणी. चपला हातात.

“वाकण कुठंय?” त्यांनी विचारलं.

वृंदा आधीच तिथं होती. रुळांमध्ये गुडघ्यावर बसून माप लावत होती. तिनं वर बघितलं, पण उठली नाही.

उस्ताद बाहेरच्या रुळावरून तळवा फिरवत गेले. एके ठिकाणी थांबले. तिथं लोखंड चकचकीत झालं होतं, घासून.

“हा रूळ का उचललास?”

“वाकणावर गाडी बाहेर फेकली जाते. म्हणून बाहेरचा रूळ वर घेतात. मोठ्या लाइनीवरही घेतात.”

“घेतात. तिथं गाडी वाऱ्यासारखी येते. तुझी किती येते?”

“माणूस चालतो तेवढी.”

“मग बाहेर फेकणार कोण तिला?”

वृंदाची पट्टी रुळावरच थांबली.

“ती आत कलते,” उस्ताद म्हणाले. “सगळा भार आतल्या चाकावर. बाहेरचं चाक हलकं होतं. हलकं चाक चढतं.”

वृंदानं मापाची पट्टी खाली ठेवली. मग उठून बाहेरच्या रुळाखालच्या फळ्यांकडे बघत राहिली. तिच्या तोंडून एवढंच निघालं, “हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

“आलं की आता.”

“म्हणजे फळ्या काढल्या की झालं?”

“नाही.”

“मग?”

उस्तादांनी चपला विहिरीच्या कट्ट्यावर ठेवल्या. “चल, चालू,” म्हणाले.

“कुठं?”

“रुळावर. तू आतल्या, मी बाहेरच्या. हात दे.”

मला वाटलं थट्टा चाललीय. पण शहात्तर वर्षांचा माणूस त्या बारक्या रुळावर असा चढला, जसा आपण घराच्या उंबऱ्यावर चढतो. वृंदाही चढली. त्यांनी मधल्या बाजूचे हात एकमेकांना दिले आणि दोघं सरळ लाइनीवरून निघाले. एकाचा तोल गेला की दुसरा सावरे. गुलमोहरापर्यंत छान गेले.

वाकण सुरू झालं आणि उस्तादांनी तिचा हात आवळला.

मी उभा होतो तिथून मला दिसत होतं. एकतीस वर्षं हातोडा धरलेला हात तो. त्यांनी कोपर ताठ केलं, मूठ दाबली. वृंदाला खांदा हलवता येईना. तीन पावलं टाकली, चौथ्याला ती खडीत पडली.

ती उठली, गुडघा झटकला. चिडली होती.

“पुन्हा,” उस्ताद म्हणाले.

पुन्हा गुलमोहरापासून. पुन्हा वाकण. या वेळी त्यांनी हात नुसता धरला. दोघं डुलत होते. ती जरा त्यांच्याकडे झुकली, ते जरा पलीकडे गेले, हात लांबले, जवळ आले. विहिरीला अख्खा वळसा घालून ते सरळ लाइनीवर पोचले.

वृंदा रुळावरून उतरली.

“पहिल्यांदा तुम्ही घट्ट धरलंत म्हणून मी पडले,” ती म्हणाली.

“हो.”

“या वेळी सैल धरलंत.”

“सोडलं होतं का?”

“नाही.”

उस्ताद रुळावरून खाली उतरले.

“सोडलं नव्हतं,” ती हळू म्हणाली.

मग तिनं वाकणाकडे बघितलं. सोळा पट्ट्या उन्हात चमकत होत्या. एक एक तिनं स्वतः वेल्ड केलेली. प्रत्येक पट्टीवर तिनं खडूनं आकडा घातला होता, आणि सोळाही आकडे एकच होते. सरळ लाइनीवर जे अंतर, तेच वाकणावर.

“चाक सरकणार बाहेर,” ती म्हणाली, “आणि मी त्याला सरकायला जागाच ठेवली नाही. त्यात माझ्या इंजिनाला सहा चाकं, एका लांब चौकटीत पक्की. ती वाकणात अडकतात. अडकली की कडा रुळाला दाबते. दाबली की चढते. पहिल्यांदा पडली तेव्हा रूळ फाकले नव्हते, उस्ताद. रूळ अपुरे पडले होते. आणि मी ते आणखी आवळले.”

उस्तादांनी चपला पायात घातल्या.

“किती जागा लागेल?” तिनं विचारलं.

“गणित काय म्हणतं?”

तिनं खिशातून कागद काढला. विहिरीच्या कट्ट्यावर बसून पाच-सात मिनिटं आकडेमोड केली. उस्ताद झाडाखाली उभे राहून पक्षी बघत होते.

“नऊ मिलिमीटर,” ती म्हणाली. “तुम्ही लाइनीवर किती ठेवायचात?”

उस्तादांनी करंगळी पुढं केली. “नखाएवढी.”

वृंदानं पट्टी लावून त्यांचं नख मोजलं. साडेनऊ भरलं.

“अर्धा जास्त आहे.”

“नख वाढलंय,” उस्ताद म्हणाले. “कापायला हवं.”

ती हसली. त्या आठवड्यात मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ती म्हणाली, “उस्ताद, सभेत मी तुम्हाला बोलले ते…”

“डाव्या बाजूनं बोललीस,” उस्ताद म्हणाले. “त्या कानाला ऐकू येत नाही.”

पट्ट्या कापायला मी वेल्डर बोलावतो म्हटलं. वृंदा नको म्हणाली. तिनं स्वतः ग्राइंडर घेतला आणि एकेक पट्टी कापत गेली. ठिणग्या उडत होत्या. सोळावी पट्टी खडीत पडली तेव्हा ती घामानं निथळत होती.

मधे उस्ताद जुम्म्याच्या नमाजाला गेले. परत आले ते एकटे नाही. त्यांच्यामागून माणसं येत होती. म्हातारी माणसं. कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या स्कूटरवरून. जुन्या लाइनीवरचे लोक. पॉइंट बदलणारे दत्तोबा हिंगमिरे, फाटकवाले शंकर आवळे, लाइनीवरची शेवटची गाडी चालवत आणलेले ड्रायव्हर मारुती कुंभोजकर. उस्ताद धरून बारा जण. कुणी बोलावलं विचारलं तर कुणीच बोलावलं नव्हतं. उस्तादांनी मशिदीबाहेर एकाला सांगितलं होतं, बास.

बाहेरचा रूळ खाली घेतला गेला. मग आतला रूळ विहिरीकडे सरकवायचा होता.

वृंदानं विचारलं, “सगळीकडे नऊ?”

“एकदम नाही,” उस्ताद म्हणाले. “वाकण सुरू होतंय तिथं केसाएवढं. मग थोडं, मग आणखी. मधे नखाएवढं. मग पुन्हा कमी. चाकाला कळू द्यायचं नाही.”

त्यांनी खिळे उपसले. रुळाखालच्या लाकडी स्लीपरमधल्या जुन्या भोकांत बाभळीच्या खुंट्या मारून ती बुजवली, नाहीतर नवा खिळा धरला नसता. पहार लावली. बारा म्हातारे एका ओळीत उभे राहिले आणि दत्तोबांनी जुनी आरोळी दिली. सगळ्यांनी एकदम जोर लावला. रूळ सरकला. वृंदानं माप लावलं. आणखी थोडा. सरकला. तिनं हात वर केला आणि उस्तादांनी खिळा ठोकला. तीन घाव. चौथा लागला नाही.

“आता तू,” त्यांनी हातोडा तिच्याकडे दिला.

तिचा पहिला घाव खिळ्याच्या बाजूला पडला. दुसराही. कुणी हसलं नाही. दत्तोबा म्हणाले, “बाई, खिळ्याकडे बघा, हातोड्याकडे नको.” सातव्या घावाला खिळा बसला. पुढचा पाचव्याला. दिवस मावळायच्या आत शेवटचा खिळा तिनं चौथ्या घावाला बसवला आणि हाताला आलेले फोड बघत बसली. चेहऱ्यावर दुखल्याचं काही नव्हतं.

शनिवारी सकाळी बागेत माणसं मावेनात. गाव सगळं आलं होतं. यातले निम्मे गाडी चालताना बघायला आलेले, निम्मे पडताना बघायला. शालिनीताई विहिरीपासून जरा लांब खुर्ची घेऊन बसल्या.

वृंदानं डब्यांत वाळूची पोती भरली होती. एका माणसाच्या वजनाचं एक पोतं. “माणसं नंतर,” ती म्हणाली.

उस्ताद वाकणाशी उभे होते. त्यांनी उजवा तळपाय रुळावर ठेवला होता.

इंजिन सुरू झालं. वृंदानं वेगाचा दांडा पुढं केला. गाडी गुलमोहराखालून निघाली. सावकाश. लोक बोलायचे थांबले. एवढी माणसं, आणि फक्त इंजिनाचा आवाज.

वाकणाच्या तोंडाशी वृंदाचा हात दांड्यावर घट्ट आवळला गेलेला मला दिसला. मग तिनं बोटं सैल सोडली.

पुढचं चाक वाकणात शिरलं.

दोनदा तिथं जी किंकाळी आली होती, ती आली नाही. इंजिन जरासं डुललं, बाहेर कललं, सावरलं. पहिला डबा त्याच्यामागं वळला. दुसरा. विहिरीचा कट्टा त्यांच्या शेजारून गेला. तिसरा डबा. चौथा. शेवटचं चाक सरळ लाइनीवर आलं तरी कुणी टाळी वाजवली नाही. लोकांचा विश्वासच बसत नव्हता.

गाडी बागेला वळसा घालून पुन्हा आली. पुन्हा वाकण. पुन्हा गेली.

तिसऱ्या फेरीला शालिनीताई खुर्चीवरून उठल्या. पोरं रुळाच्या बाजूनं पळू लागली. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळी बाग वाजायला लागली. ज्यांना गाडी पडताना बघायची होती, तेच जास्त जोरात वाजवत होते.

वृंदानं गाडी थांबवली. वाळूची पोती उतरवली गेली.

“आता माणसं,” ती म्हणाली.

लाइनीवरचे म्हातारे डब्यांत बसले. डबे लहान, गुडघे हनुवटीला टेकलेले. दत्तोबांनी ट्रंकेतला खाकी शर्ट काढून घातला होता. बटणं लागत नव्हती. शंकर आवळ्यांनी हिरवं निशाण आणलं होतं, धुवून धुवून ते पिवळं झालं होतं. उस्ताद बसले नाहीत. ते वाकणाशीच उभे राहिले.

वृंदा इंजिनावरून उतरली आणि कुंभोजकरांसमोर उभी राहिली.

“ड्रायव्हरसाहेब, चला.”

“मी?” कुंभोजकर म्हणाले. “बावीस वर्षं झाली, बाई. हात विसरला असेल.”

“हात विसरत नाही.”

कुंभोजकर उतरले. इंजिनाला एक फेरी मारली. प्रत्येक चाकाला हात लावला. मग चढून बसले आणि तिनं दाखवायच्या आधीच त्यांचा हात शिट्टीच्या साखळीवर गेला.

ती शिट्टी बाजारापर्यंत ऐकू गेली. पडक्या स्टेशनापर्यंत ऐकू गेली. मला नंतर कळलं की तांबोळी गल्लीतल्या एक आजी ती शिट्टी ऐकून पदर खोचून दारात आल्या आणि म्हणाल्या, दहाची आली वाटतं.

पहिल्या फेरीत म्हातारे गप्प होते. दुसऱ्या फेरीत दत्तोबा स्टेशनांची नावं घेऊ लागले. जुन्या लाइनीवरची, ओळीनं. बाकीचे त्यांच्यामागून म्हणू लागले. गुलमोहर एक स्टेशन, पाण्याची टाकी दुसरं, विहीर तिसरं. लोक रुळाकाठी उभे राहून ती नावं ऐकत होते, आणि जे वयस्कर होते तेही म्हणत होते. पाचव्या फेरीला माझ्याही तोंडून नावं निघायला लागली. मी त्या लाइनीवर कामाला नव्हतो. लहानपणी एकदा मामाच्या गावाला गेलो होतो, तेवढाच.

शालिनीताई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, “मुकादम, कारंज्याची फाइल बंद करा.”

“केली, ताई,” मी म्हटलं.

गाडी वाकणातून सातव्यांदा गेली तेव्हा वृंदा चालत चालत उस्तादांपाशी आली. ते अजून रुळावर पाय ठेवून उभे होते. पायानं ऐकत असावेत.

“काय म्हणतोय रूळ?” तिनं विचारलं.

“काही नाही म्हणत.”

“म्हणजे बरोबर झालं.”

उस्तादांनी मान हलवली.

“उस्ताद, शालिनीताई म्हणतात, ही लाइन पडक्या स्टेशनापर्यंत न्यायची. अर्धा मैल. मधे दोन वाकणं, एक पूल. मला काहीच येत नाही, हे मला कालच कळलं. मला शिकवाल?”

उस्तादांनी रुळावरून पाय काढला.

“काल खिळा कितव्या घावाला बसला?”

“शेवटचा चौथ्याला.”

“तीन व्हायला हवेत.”

“होतील.”

“मग ये सोमवारी.”

वृंदा भारावली. लोक बघतायत याचं तिला भान नव्हतं. सभेत ज्याला तिनं हसण्यावारी नेलं होतं, त्या माणसासमोर, दोन रुळांच्या मधोमध, ती सगळ्या गावादेखत वाकली. तिचे फोड आलेले हात त्यांच्या पायांकडे गेले.

पलीकडे गुलमोहराखालून कुंभोजकरांनी शिट्टी दिली. गाडी आठव्यांदा येत होती. म्हातारे गात होते.

उस्तादांनी तिला खांद्याला धरून वर उठवलं.

“रूळ सोड, पोरी,” ते म्हणाले. “गाडी येतेय.”